पडद्याआडचं माणूस

ठाकुर्लीला आत्याकडे गेलो की गप्पा कुठून सुरू होतील ते सांगता येत नाही आणि कुठे संपतील ते तर मुळीच नाही. त्या दिवशी सुरुवात झाली भाचीच्या रुसण्यापासून. ही भाची नववीत. कोरियन गाण्यांचं वेड. भिंतीवर चार मुलींच्या एका गटाची पोस्टरं. माझ्यासारख्याला त्या चौघी एकसारख्याच दिसतात, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही.

तिने मला सगळी कथा सांगितली. तिच्या लाडक्या गटाचं नाव एस्पा. त्यातली करिना नावाची गायिका एका नटाबरोबर फिरते अशी बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये फुटली आणि दोघांच्या कंपन्यांनी ती मान्य केली. त्यावर चाहते इतके भडकले की त्यांनी तिच्या कंपनीच्या दारात इलेक्ट्रॉनिक फलक लावलेला ट्रक नेऊन उभा केला. आमचं प्रेम तुला पुरत नाही का, असा त्यावर सवाल. मार्चमध्ये या मुलीने स्वतःच्या हाताने पत्र लिहून चाहत्यांची माफी मागितली. एप्रिलमध्ये दोघं वेगळे झाल्याची बातमी आली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

"माफी कशाबद्दल मागायची, मामा? तिने केलं काय?" भाचीचा प्रश्न.

मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात आतून आत्या आली आणि म्हणाली, "आम्ही पण रडलोय गं. त्र्याहत्तर साली."

आत्या डिंपल कापडियाच्याच वयाची. १९७३ च्या मार्चमध्ये पंधरा वर्षांची. आमचे आजोबा तेव्हा ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचे. चोळ्याच्या पॉवरहाऊसमधली नोकरी संपत आली होती. आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतल्या बाजूने मासिकातून कापलेला राजेश खन्ना चिकटवलेला होता. (बाहेरच्या बाजूने चिकटवायची हिंमत नव्हती.) २७ मार्च १९७३ ला त्याने डिंपलशी लग्न केलं. ही बातमी घरात आली तेव्हा आत्याने पोट दुखतंय म्हणून जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशीही पोट दुखतच होतं. शेवटी खरं काय ते कळलं आणि आजोबा खो खो हसले. म्हणाले, "अगं, लग्नच केलंय ना त्याने? बिघडलं काय?"

इथपर्यंत हा किस्सा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पुढचा भाग मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आत्या उसळून म्हणाली होती, "मग बालगंधर्वांनी गोहरबाईशी केलं तेव्हा तुमचं काय बिघडलं होतं?"

आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होतो. ठाकुर्लीला फक्त स्लो गाड्या थांबतात, त्यामुळे विचाराला वेळ भरपूर मिळतो. आजोबांचं गंधर्ववेड मी लहानपणी पाहिलेलं आहे. तरुणपणी गिरगावात असताना त्यांनी गंधर्व नाटक मंडळीची नाटकं पाहिली होती. 'एकच प्याला'मधली सिंधू सांगताना म्हातारपणीसुद्धा त्यांचा आवाज जायचा. फाटकं लुगडं नेसून जात्यावर दळणारी ती सोशिक बायको. "तो पुरुष आहे हे आम्ही विसरायचो रे," असं म्हणायचे. पण गोहरबाईंचं नाव निघालं की तोच मृदू माणूस एकदम कडू व्हायचा. "त्या बाईनं सोन्यासारखा माणूस खाल्ला." बस्स, एवढंच. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते खरं आहे का, असा प्रश्नही कधी पडला नाही. दृष्ट काढावी, पाल चुकचुकावी, तसं हे एक घरातलं वाक्य.

तर मंडळी, या वेळी घरी आल्यावर मी काय केलं असेल, तर तारखा एकाखाली एक लिहून काढल्या.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. 'बालगंधर्व' हे नाव लोकमान्य टिळकांनी दिलं असं सांगतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. १९११ मध्ये 'मानापमान'. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर स्वतःची गंधर्व नाटक मंडळी. १९१६ ला 'स्वयंवर', १९१९ ला 'एकच प्याला'. ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसल्यांबरोबरचा तो गाजलेला संयुक्त 'मानापमान', टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला. तोवर महाराष्ट्रात असं झालं होतं की हा पुरुष रंगमंचावर जशी साडी नेसेल, जसा अंबाडा घालेल, तसा घराघरातल्या बायका घालून बघायच्या. 'आयडॉल' हा शब्द आपण आता वापरतो. आजोबांच्या पिढीला शब्दाची गरज नव्हती, त्यांच्याकडे माणूसच होता.

पण नीट बघा, ही पूजा कशाची होती? सिंधू, भामिनी, रुक्मिणी, द्रौपदी. नारायणराव नव्हे. प्रेक्षागृहातल्या पुरुषांना हवीशी वाटणारी आणि बायकांना व्हावीशी वाटणारी एक कुलीन स्त्री, जी प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती. कुलीन घरातल्या बाईने रंगमंचावर यायचं नाही असा दंडक होता म्हणूनच तर ही जागा एका पुरुषाला मिळाली. ती स्त्री रात्रभर प्रेक्षकांची असायची. पहाटे रंग पुसल्यावर तो पुरुष कोणाचा, या प्रश्नात कोणाला रस नव्हता.

तो पुरुष लक्ष्मीबाईंचा होता. लक्ष्मीबाई राजहंस, त्यांची पत्नी. गंधर्वकथेत त्यांना एकच मोठा प्रवेश आहे आणि त्यातही त्या रंगमंचावर येत नाहीत. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग आणि त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं. नारायणराव दुःख गिळून भामिनी म्हणून उभे राहिले आणि प्रयोग झाला. ही गोष्ट मराठी माणूस शंभर वर्षं अभिमानाने सांगत आलाय. मीही सांगितली आहे. कलेवरची निष्ठा वगैरे. पण त्या रात्री घरात लक्ष्मीबाईंनी काय केलं हे मला कोणी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. बाप रंगमंचावर होता. आई कुठेतरी होतीच ना?

आता गोहरबाई. त्या विजापूर भागातल्या, बिळगीच्या. घरची भाषा कानडी, धर्माने मुसलमान. 'किस्मत' (१९४३) सिनेमातल्या गाण्यांमुळे देशभर गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या सख्ख्या बहीण. गोहरबाईंचा गळा असा की बालगंधर्वांची पदं त्या थेट त्यांच्या ढंगात म्हणायच्या. त्या गंधर्व मंडळीत आल्या १९३८ च्या सुमारास. म्हणजे तेव्हा नारायणराव पन्नाशीचे.

आणि इथेच माझ्या घरातल्या वाक्याची पंचाईत होते. कारण 'सोन्यासारखा माणूस' तोवर खाल्ला गेला होता आणि तो गोहरबाईंनी खाल्लेला नव्हता. कंपनीवर कर्जाचा डोंगर १९२० च्या दशकातच झालेला. खरे शालू, खरी अत्तरं, भारी गालिचे. नाटकातलं वैभव खोटं असून चालणार नाही हा मालकाचाच हट्ट. दिवाळं काढायचा सोपा रस्ता सोडून त्यांनी प्रयोग करून देणी फेडली हे त्यांचं मोठेपण, पण देणी त्यांचीच होती. १९३१ ला 'आलम आरा' आला, १९३२ ला प्रभातचा मराठी 'अयोध्येचा राजा' आला, बोलपटाने प्रेक्षक ओढून नेला. १९३३ ला नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केलं आणि त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. म्हणजे ज्या खुर्चीवर बालगंधर्व बसले होते ती खुर्चीच काळाने काढून घेतली. १९३५ ला ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त पुरुषवेषात संत एकनाथ झाले. प्रेक्षकांना त्यांच्या मिशीची सवय नव्हती. ही सगळी पडझड गोहरबाई दारात यायच्या आधीची आहे.

तारखा इतक्या सरळ असताना दोष मात्र त्यांच्या माथी का गेला? मला वाटतं, कारण त्या दिसल्या. लक्ष्मीबाई दिसत नव्हत्या, म्हणून त्या चालत होत्या. बालगंधर्वांचं लग्न झालंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती बायको घराच्या आत होती, तिचा रंगमंचाशी संबंध नव्हता. गोहरबाई थेट नाटकात आल्या, त्याच पदांना हात घातला. सिंधू-रुक्मिणीच्या जागी एक खरीखुरी बाई, तीही परभाषिक, परधर्मी, गाणाऱ्या घरातली. शिवाय नारायणरावांनी काही लपवलं नाही. लक्ष्मीबाई १९४० मध्ये गेल्या. १९५१ मध्ये त्यांनी गोहरबाईंशी लग्न केलं. पुढे त्यांचे पाय लुळे पडले, त्या काळात गोहरबाईंनी त्यांची सेवा केली. १९६४ ला त्याही गेल्या. त्याच वर्षी नारायणरावांना पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ ला ते गेले.

लक्ष्मीबाईंचं दुःख यात कमी होत नाही, तेही सांगितलं पाहिजे. हयात असलेल्या बायकोच्या संसारात दुसरी बाई आली हे खरंच आहे. पण आजोबांचा राग लक्ष्मीबाईंच्या वतीने नव्हता. असता तर त्यांनी लक्ष्मीबाईंचं नाव एकदा तरी घेतलं असतं. आणि रागावायचंच तर नारायणरावांवर रागावायला हवं होतं. तसं झालं नाही. राग होता तो स्वतःच्या वतीने. सिंधू दुसऱ्या कोणाची तरी निघाली, याचा.

तुम्ही म्हणाल, हे एकट्या बालगंधर्वांचं झालं. मलाही आधी तसंच वाटलं. पण आत्याचा राजेश खन्नाच घ्या. १९६९ च्या 'आराधना'पासून तो सगळ्या मुलींचा. लग्न झालं, मुली रडल्या, आणि तो कामाला लागला. 'बॉबी' प्रदर्शित झाला सप्टेंबर १९७३ मध्ये, म्हणजे डिंपलच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी. पहिलाच सिनेमा, देशभर धुमाकूळ, आणि नायिका त्याआधीच घरी बसलेली. पुन्हा पडद्यावर आली ती १९८४ मध्ये. सोळा वर्षांची मुलगी अकरा वर्षांनी परत आली. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली. मग म्हणाली, "तेव्हा मला तिचाच राग आला होता रे."

पुढच्या पिढीने यातून धडा घेतला की नायकाचं लग्न सांगायचंच नाही. आमीर खान आणि रीना यांचं लग्न १९८६ चं आणि 'कयामत से कयामत तक' १९८८ चा. सिनेमा आला तेव्हा या नव्या चॉकलेट हीरोचं लग्न झालंय ही गोष्ट जाहीर केलेली नव्हती. गंमत म्हणजे त्याच सिनेमातल्या एका गाण्यात रीना क्षणभर दिसते. सगळ्या देशाने तिला पाहिलं आणि कोणालाच कळलं नाही. विरारच्या गोविंदानेही १९८७ मधलं आपलं लग्न काही काळ असंच झाकून ठेवलं होतं. सिनेमा विकायचा तर नायक 'मोकळा' दिसला पाहिजे हा हिशेब. कोरिया-जपानच्या कंपन्या जे करतात तेच हे, फक्त त्यांनी त्याचा पक्का धंदा बनवला. जपानच्या एकेबी४८ या गटात तर मुलींनी प्रेमात पडायचंच नाही असा नियम. २०१३ मध्ये त्यातली विशीतली मिनामी मिनेगिशी एका मुलाच्या घरून बाहेर पडताना मासिकवाल्यांना दिसली. तिने डोक्याचा चकोट करून, रडत कॅमेऱ्यासमोर माफी मागितली. मुलाला काही करावं लागलं नाही.

आणि आपण 'तिकडचे लोक विचित्र' म्हणून नाक मुरडावं, तर आपल्याकडे तमाशात हा करार शेकडो बायकांच्या आयुष्यावर लिहिला गेलाय. नाचणारी बाई कोणा एकाची असून चालत नाही. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीने लग्न करायचं नाही अशी रीत होती. तिचा 'चिरा उतरवणारा' मालक असतो, नवरा नसतो. तिच्या मुलाला बापाचं नाव नसतं. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' लिहिलं तेव्हा अनेक घरांत ते पुस्तक वाचून लोक हादरले. लेखकाच्या नावात मधे आईचं नाव का, हे पहिल्या पानापासूनच कळत जातं. आणि विठाबाई नारायणगावकर! भर तमाशात कळा सुरू झाल्या, कनातीमागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या अशी त्यांची हकीकत सांगतात. 'मानापमान'च्या रात्रीची ही सख्खी बहीण आहे, नाही का? एकीकडे मूल गेलं, एकीकडे मूल झालं, आणि दोन्हीकडे खेळ चालू राहिला. पहिली गोष्ट आम्ही निष्ठेची म्हणून सांगितली. दुसरी तमाशातली म्हणून जरा आवाज उतरवून.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसली, ती सांगतो आणि थांबतो. लपवण्याची किंमत कलावंत मोजतो असं आपण म्हणतो. तो मोजतोच. पण त्याच्याकडे निदान टाळ्या असतात. ज्या माणसाला लपवलं जातं त्याच्याकडे काहीच नसतं. ना टाळ्या, ना कथेत जागा. लपून राहिलं तर विस्मरण आणि दिसलं तर दोष, यापलीकडे त्याला तिसरा भाग मिळत नाही. अपवाद एकच, त्या माणसाने स्वतः बोलावं. ठाण्यात आपण ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात नाटकं बघतो त्या डॉ. काशीनाथ घाणेकरांचं घ्या. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी, 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या, मुली वेड्या व्हायच्या. त्यांचं पहिलं लग्न झालेलं असतानाच सुलोचनाबाईंच्या मुलीशी, कांचनशी, त्यांचं जमलं. त्यावर लोक काय काय बोलले असतील त्याची कल्पना करा. पण कांचन घाणेकरांनी 'नाथ हा माझा' लिहिलं. पटो न पटो, त्यांची बाजू आज कपाटात आहे. हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' सांगितलं, म्हणून त्यांचं आयुष्य आज त्यांच्या तोंडून ऐकता येतं. लक्ष्मीबाईंनी, गोहरबाईंनी असं पुस्तक मागे ठेवलं नाही. त्यांच्याबद्दल बोललो ते आपणच, म्हणजे आमचे आजोबा, आणि त्यांचं ऐकून मी.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिनी, ते उघडलं. उभारलं ते योग्यच झालं. पण त्या वास्तूत मी आजवर किती नाटकं पाहिली असतील, गोहरबाई एकदाही मनात आल्या नाहीत.

मागच्या रविवारी पुन्हा ठाकुर्लीला गेलो होतो. आत्याला तारखांचा कागद दाखवला. तिने चष्मा लावून सावकाश वाचला. म्हणाली, "अण्णांना हे दाखवायला हवं होतं." मी म्हटलं, त्यांनी ऐकलं नसतं. "नसतं ऐकलं," ती म्हणाली, "पण दोन दिवसांनी बोलले असते. तेव्हाही तिसऱ्या दिवशी स्वतःहून मला हाक मारली होती. म्हणाले, ये, रेकॉर्ड लावतोय, ऐकायला बस."

कोणती रेकॉर्ड लावली होती ते तिला आठवत नाही.

भाचीने त्या करिनाचं पोस्टर काढलेलं नाही. उलट आता त्या नटाचाही एक छोटा फोटो शेजारी लावलाय. दोघं वेगळे झाले ना, असं विचारलं, तर म्हणाली, "असू दे, मामा. आहे तो."

नातेवाईक मंडळींपैकी कोणाला आजोबांच्या तोंडून गोहरबाईंबद्दल आणखी काही ऐकल्याचं आठवत असेल, चांगलं-वाईट कसंही, तर जरूर कळवा. लक्ष्मीबाईंबद्दल आठवत असेल तर आधी कळवा.